आदिवासी ज्ञान अभ्यासक्रमात आणताय? या चुका टाळा

भारतीय ज्ञान प्रणालीचा पेपर आता बहुतेक कॉलेजांत आलाय. यूजीसीच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत एकूण क्रेडिटपैकी किमान ५ टक्के या विषयाला असावेत, असं म्हटलंय. नाशिक जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार चारातला एक माणूस अनुसूचित जमातीचा आहे: कोकणा, महादेव कोळी, वारली, भिल्ल, ठाकर, कातकरी. तरी सिलॅबस उघडून बघा. वेद, गणित, आयुर्वेद, स्थापत्य यांना एकेक युनिट आणि अगदी तळाला ‘आदिवासी परंपरा: ओळख’, तासिका दोन. सेमिस्टर संपत आलं की कात्री आधी तिथेच लागते.

मूळ चूक क्रमाची आहे. अभ्यास मंडळ आधी टेबल भरतं, मग पाड्यावर माणूस शोधतं. उलट करा. काय शिकवायचं, काय शिकवायचं नाही, हे बैठकीच्या आधी पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरच्या गावांत बसून विचारा. ऑस्ट्रेलियातल्या विद्यापीठांच्या संघटनेने २०११ मध्ये तिथल्या आदिवासींबाबतच्या सांस्कृतिक क्षमतेचा (म्हणजे त्यांची संस्कृती समजून वागण्याचा) आराखडा काढला, तो फक्त शिकवण्यापुरता नव्हता. संशोधन, नोकरभरती, विद्यापीठाचा कारभार, सगळं त्यात होतं. आपल्याकडे सगळा भार एका पेपरवर.

डिसेंबरचा दौरा

सगळ्यात मोठा घोळ वेळापत्रकात होतो. दौरा ठरतो डिसेंबर-जानेवारीत, कारण तेव्हा बस मिळते आणि ऊनही नसतं. पण त्या दिवसांत नागली-वरई निघून शेतं मोकळी झालेली असतात आणि पाड्यावरची बरीच कामाची माणसं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत उतरलेली असतात. मुलं झोपडीसमोर फोटो काढतात आणि परत येतात.

राब, म्हणजे रोपांसाठी जमीन भाजण्याची पद्धत, बघायचा तर उन्हाळ्यात जावं लागतं. वावराच्या एका तुकड्यावर शेण, फांद्या, पालापाचोळा रचून वर मातीचा पातळ थर देतात आणि भाजतात. पाऊस पडला की तिथेच बी टाकायचं आणि रोप हाताएवढं झालं की उपटून दुसरीकडे लावायचं. भाजल्यामुळे तणाचं बी मरतं, माती भुसभुशीत होते, राख मिळते. फांद्यांसाठी झाडं छाटावी लागतात, हीही बाजू आहे आणि ती वर्गात यायलाच हवी. म्हणून फील्ड प्रोजेक्टचे तास एकदम संपवू नका. थोडे मे महिन्यात, थोडे जुलैच्या लावणीला ठेवा. लावणीला गेलात तर चिखलात उतरा. बांधावर उभं राहून प्रश्नावली भरणाऱ्याशी कोण बोलणार?

मानधनाचं व्हाउचर अडलं

जाणकार आजी येतात, शिकवून जातात आणि लेखा विभाग विचारतो, ‘पात्रता काय?’ मग शाल-श्रीफळावर भागवतात. हे सरळ फुकटात राबवणं आहे. यूजीसीच्या २०२२ च्या ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ (प्रत्यक्ष कामातले अनुभवी तज्ज्ञ शिकवायला घेण्याच्या) सूचनांनुसार त्या पदासाठी औपचारिक पदवीची सक्ती नाही. त्याच धर्तीवर लोकज्ञानाच्या जाणकारांचा दर कॉलेजच्या समितीत आधीच मंजूर करून घ्या. प्रवासखर्च त्याच दिवशी द्या. बँक खात्याची माहिती आधी मागून ठेवा, पॅन नसेल तर त्यांना ताटकळत ठेवू नका.

वर्गातली चूक याहून टोचणारी. ‘तू कोकणा ना? सांग तुमच्यात काय करतात.’ सुरगाण्याहून आलेला, होस्टेलवर राहणारा अठरा वर्षांचा पोरगा अख्ख्या जमातीचा प्रवक्ता कसा होईल? त्याला सांगावंसं वाटलं तर तो सांगेल.

गॅदरिंगमध्ये डोंगऱ्या देव हा आदिवासींचा विधी बसवू नका. तो मार्गशीर्षात नेमधर्म पाळून, नवसाने केला जातो. पावरी हे फुंकवाद्य आणि गाणी त्या नेमाचाच भाग आहेत. वारली चित्राच्या कार्यशाळेचंही तेच. त्रिकोणी माणसं काढायला शिकवतात, पण भिंतीवरचा लग्नाचा चौक सवाशिणी लिहितात (म्हणजे रंगवतात) आणि लग्न धवलेरी, म्हणजे लग्नगीतं म्हणणारी पुरोहित बाई, लावते, हे कुणी सांगत नाही.

वनस्पतींची यादी पीडीएफमध्ये गेली, आता?

विद्यार्थी भगताकडून, म्हणजे पाड्यावरच्या पारंपरिक उपचारकाकडून, मुळी, मात्रा, अनुपान सगळं लिहून आणतात आणि प्रकल्प वेबसाइटवर चढतो. आधी तो काढा. मग त्या गावची जैवविविधता व्यवस्थापन समिती गाठा. २००२ च्या जैवविविधता कायद्याने ती असते आणि लोक जैवविविधता नोंदवही तिच्याकडेच असते. काय उघड ठेवायचं, काय गावातच राहू द्यायचं, हे गावाला ठरवू द्या. नोंदच करू नये, असं मात्र नाही. हळदीचं अमेरिकी पेटंट १९९७ मध्ये रद्द झालं, ते जुने लिखित पुरावे दाखवता आले म्हणून.

आणि आदराच्या भरात सगळंच खरं मानू नका. साप चावला तर आधी दवाखाना, हे भगताच्या तासिकेतही स्पष्ट सांगा. बरेच भगत स्वतःच तसं सांगतात.

परीक्षेत ‘आदिवासी संस्कृतीची पाच वैशिष्ट्ये लिहा’ हा प्रश्न काढून टाका. विद्यार्थ्याने केलेली नोंद गावात वाचून दाखवावी, जाणकारांनी चुका काढाव्यात आणि दुरुस्त प्रतीला गुण द्यावेत. एक प्रत ग्रामसभेत राहू द्या.