दुर्लक्षित प्राण्यांसाठी छोटा निधी मागताय? या चुका टाळा

गोदावरीत एक मऊ पाठीचं कासव राहतं. शास्त्रज्ञ त्याला लीथचं कासव म्हणतात. ही जात फक्त भारतात, दक्षिणेकडच्या नद्यांमध्ये सापडते. धोक्यातल्या जीवांच्या जागतिक लाल यादीत २०२१ साली ती अतिसंकटग्रस्त ठरली आणि २०२२ मध्ये तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सर्वांत कडक बंदी आली. पण परभणी, हिंगोली, नांदेडकडच्या निसर्गमंडळांचे जे अर्ज मी आजवर तपासून दिले, त्यांत या कासवाचं नाव एकदाच आलं. बाकी बहुतेक ठिकाणी बिबट्या होता. बिबट्यासाठी पैसे देणारे पुष्कळ आहेत. संवर्धनाच्या कामाला थोडी रक्कम देणारे छोटे निधी निघाले तेच मुळी ज्यांच्याकडे कुणी बघत नाही अशा जीवांसाठी.

पहिली चूक शीर्षकातच होते. ‘मराठवाड्यातील वन्यजीवांचे संवर्धन’ असं लिहिलं की वाचणाऱ्याला कळत नाही, तुम्ही उद्या सकाळी नेमकं कुठे जाणार आहात. त्यापेक्षा ‘ढालेगाव ते मुदगल या दोन बंधाऱ्यांच्या मधल्या पात्रात हे कासव उरलंय का, आणि मासेमारीच्या जाळ्यात-गळात किती सापडतं’ असा प्रश्न ठेवा. एक प्राणी, नदीचा एक तुकडा, एक वर्ष. अबुधाबीचा मोहम्मद बिन झायद निधी जगभरातल्या धोक्यातल्या जीवांसाठी पैसे देतो, एका प्रकल्पाला जास्तीत जास्त २५ हजार डॉलर देतो. म्हणून सगळेच २५ हजार मागतात. होडीचं भाडं, भोई मंडळींची मजुरी, दुचाकीचं पेट्रोल आणि मोजमापाची साधनं एवढ्यात काम होत असेल तर तेवढंच मागा. दहा कॅमेरे आणि लॅपटॉप घातलेला खर्चाचा तक्ता वाचणाऱ्याच्या लगेच डोळ्यावर येतो.

प्राण्याचा दर्जाही नीट बघून लिहा. लांडगा आपल्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या अनुसूचीत आहे, म्हणून ‘जागतिक पातळीवर नष्टप्राय’ असं ठोकून देतात. पण लांडगा ही जात जगभरात मिळून पाहिली तर लाल यादीत ‘कमी चिंतेची’ आहे. आपल्याकडचा माळरानावरचा लांडगा वेगळ्या वंशाचा आहे आणि त्याची अडचण वेगळी आहे, हे समजावून सांगावं लागतं. तसं केलं तर अर्जाचं वजन वाढतं.

आता ज्या चुकीचं मला सर्वांत जास्त वाईट वाटतं तिच्याबद्दल. अधिवास सुधारायचा म्हटलं की आपली मंडळी माळावर खड्डे खणून झाडं लावायला निघतात. बीड, धाराशिवकडचा कुसळी गवताचा माळ म्हणजे उजाड पडलेली जमीन नव्हे. लांडगा, खोकड, काळवीट, चंडोल यांचं ते भरलेलं घर आहे. त्यावर झाडांच्या रांगा उभ्या राहिल्या की उघड्यावर जगणारे हे प्राणी-पक्षी हटतात आणि धनगराची चराईही जाते. जाणकार परीक्षक असे अर्ज तिथेच बाजूला ठेवतात, आणि ते बरोबरच आहे. सरकारी कागदावर ‘पडीक’ लिहिलंय म्हणून तुम्हीही तोच शब्द अर्जात वापरू नका. त्या गायरानाची मालकी कुणाची, चराई कधी असते, वणवा कधी लागतो, एवढं लिहा.

माणसांचा भाग शेवटच्या परिच्छेदात ‘जनजागृती करू’ म्हणून उरकला जातो. लांडग्याने मेंढरू नेलं तर वनखात्याकडून भरपाई मिळते, पण पंचनामा होईपर्यंत मेलेलं जनावर हलवायचं नसतं. ज्या धनगराचा वाडा, म्हणजे मेंढरांसह मुक्काम, उद्या पुढच्या गावी जाणार आहे त्याने थांबायचं कसं? हे कोडं गावात बसूनच समजतं. त्या धनगराला रात्रीसाठी चांगली वाघर, म्हणजे मेंढरांभोवती लावायची जाळी, घेऊन देणं, पंचनाम्याच्या कामात एक पोरगा त्याच्यासोबत धावायला ठेवणं, हे छोट्या निधीतून होणारं खरं काम आहे. अर्ज लिहायच्या आधी वाड्यावर चार रात्री काढा.

कागदपत्रांत सर्वांत मोठी अडचण परदेशी पैशाची. परकीय योगदान कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसताना संस्थेच्या साध्या खात्यात परदेशी रक्कम घेऊ नका. ओळखीच्या नोंदणीकृत संस्थेकडून पैसे फिरवून घेऊ, हा मार्ग २०२० च्या दुरुस्तीनंतर बंद आहे; एका संस्थेने दुसरीला असा निधी द्यायचा नाही. नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षं जुनी लागते. नवीन मंडळाने देणगीदाराचं हमीपत्र घेऊन त्या ठराविक रकमेपुरती पूर्वपरवानगी मागावी. त्याला महिने लागतात, म्हणून वेळापत्रकात तेवढी जागा ठेवा. जमत नसेल तर देशातल्या देशात पैसे देणारे निधी आधी शोधा.

कासव हातात धरून मोजणार असाल, तर वन्यजीव कायद्याची परवानगीही लागते. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याबाबत ती राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांमार्फत केंद्रापर्यंत जाते. नुसतं दुरून निरीक्षण आणि मच्छीमारांशी बोलणं असेल, तर हा मजकूर अर्जात स्पष्ट लिहा आणि विभागीय वनाधिकाऱ्यांना आधी पत्र द्या.

पावत्यांचं थोडक्यात. रोख मजुरी दिली की सही किंवा अंगठा त्याच दिवशी घ्या. पाच हजारांच्या वर रक्कम असेल तर एक रुपयाचं महसूल तिकीट लावा. वर्षाअखेरीस बसून बनवलेल्या पावत्या हिशेब तपासणीत ओळखू येतात.

आणि अर्ज मंजूर होऊनही काम अडलं तर? आपल्याकडे लांडग्याची पिल्लं हिवाळ्यात होतात. पैसे मार्चमध्ये आले, तर बिळांचा मोसम संपलेला असतो. अशा वेळी घाईने काहीतरी मोजून अहवाल भरू नका. निधीला सरळ कारण लिहा आणि वाढीव पैसे न मागता मुदत वाढवून मागा. वेळेवर विचारलं तर ती बहुधा मिळते. अर्ज नामंजूर झाला तरी कारण विचारणारं दोन ओळींचं पत्र पाठवा. अहवालात बिळाची किंवा अंड्यांच्या जागेची नेमकी खूण मात्र कधीही देऊ नका. तालुक्याचं नाव पुरतं. बाकी नकाशा वनखात्याला बंद पाकिटात द्या.