उसाच्या ट्रॉलीची पिन, कडं आणि हूक: झीज कशी मोजायची, काय बदलायचं

ट्रॉलीच्या पुढच्या दांड्याच्या टोकाला कडं असतं. ते ट्रॅक्टरच्या हूकच्या वरच्या-खालच्या पट्ट्यांमध्ये बसतं आणि सगळ्यांच्या भोकांतून उभी पिन जाते. ट्रॉली रिकामी आणि सपाट जागेवर असतानाच या जोडाची तपासणी करा. चाकांना पुढून-मागून मोठे दगड लावा, दोनचाकी ट्रॉली असेल तर दांड्याखाली जॅक द्या आणि मगच पिन काढा.

पिन डिझेलने धुऊन व्हर्नियरने (जाडी मोजायच्या मापकाने) दोन जागी मोजा: डोक्याजवळ, जिथे ती कशालाच घासत नाही, आणि मधोमध, जिथे दांड्याचं कडं बसतं. मधला भाग फिरवून फिरवून मोजा, झीज बहुतेक वेळा एकाच अंगाला असते. ३० मिमीची पिन २७ मिमीवर आली की ती परत वापरू नका. दहा टक्के झीज किरकोळ वाटते, पण वाक सोसण्याची ताकद व्यासाच्या घनाच्या प्रमाणात घटते. ०.९ चा घन ०.७३, म्हणजे पावपेक्षा जास्त ताकद गेली. शिवाय सपाट फरशीवर पिन लोळवून बघा. उड्या मारत गेली तर ती वाकली आहे. वाकलेली पिन ठोकून सरळ करण्यात काहीच अर्थ नाही, ती पुढच्या वेळी तिथेच तुटते.

मग भोकं. गोल भोक ओढीच्या दिशेने लांबट होत जातं, म्हणून हूकचं आणि कड्याचं भोक उभं-आडवं दोन्ही मोजा. ३० मिमीच्या पिनला ३२ मिमीचं भोक ठीक. लांबी ३५ मिमीच्या पुढे गेली की दुरुस्ती पुढच्या खेपेवर ढकलू नका.

पिन आणि भोक यांच्यातल्या या मोकळ्या जागेची एवढी काळजी का? दोन ट्रॉल्या मिळून २० टन वजन धरा. ५ टक्के चढावर नुसत्या चढाची ओढच १ टन होते, रस्त्याचा विरोध वेगळा. ही ओढ संथ असते आणि चांगली पिन ती निमूट सोसते. झीज होते ती ठोक्यांनी. बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेक नसतात, त्यामुळे ट्रॅक्टर थांबताना मागचं सगळं वजन पुढे येऊन आदळतं आणि निघताना उलटा झटका बसतो. जागा जितकी मोकळी तितका ठोका मोठा, आणि ठोका जितका मोठा तितकी जागा आणखी मोकळी. म्हणूनच पहिले दोन मिमी झिजायला वेळ लागतो, पुढचे दोन फार लवकर जातात. डबल ट्रॉलीत ट्रॅक्टर आणि पहिली ट्रॉली यांच्यामधल्या पिनवर दोन्ही ट्रॉल्यांची ओढ असते. ती जास्त वेळा तपासा.

दोनचाकी ट्रॉलीत दांड्याचं वजनही हूकवर येतं, त्यामुळे कड्याची खालची बाजू आणि हूकची खालची पट्टी पातळ होते. चारचाकीत दांडा बिजागरीवर असल्याने हा भार फारसा नसतो, पण तिथे दांड्याच्या बिजागरीच्या पिनाही तपासाव्या लागतात.

तडे डोळ्यांना सहज दिसत नाहीत. कडं दांड्याला जिथे वेल्डिंगने जोडलंय तो भाग तारेच्या ब्रशने चकचकीत करा, रॉकेल किंवा डिझेल लावून पंधरा मिनिटं थांबा, कोरडं पुसा आणि वर खडूची पूड चोळा. तडा असेल तर आत मुरलेलं तेल वर येऊन पांढऱ्यावर ओली रेघ उमटते. पहिल्या ट्रॉलीच्या मागच्या हूकपाशी चॅनेललाही (सांगाड्याच्या लोखंडी पट्टीलाही) हीच तपासणी करा, दुसऱ्या ट्रॉलीचे सगळे झटके तिथे येतात.

दुरुस्तीबद्दल आमचं मत ठाम आहे: ट्रॅक्टरच्या हूकवर वेल्डिंगचा थर चढवू नये, तो भाग नवा बसवावा. ट्रॉलीचं कडं एक चतुर्थांशापेक्षा कमी झिजलं असेल तर भरून घेता येतं, पण साध्या रॉडने नाही. ७०१८ रॉड (ओल चालत नाही असा मजबूत जोडाचा वेल्डिंग रॉड) भट्टीत वाळवलेला हवा, कडं आधी साधारण १५० अंशांपर्यंत तापवायला हवं आणि काम झाल्यावर कोरड्या वाळूत हळूहळू थंड होऊ द्यायला हवं. पाणी मारलं तर वेल्डिंगशेजारचं लोखंड ठिसूळ होऊन तडकतं. यापेक्षा जास्त झीज असेल तर कडं कापून नवं लावा. भोकात बदलता येणारा बुश (नळीसारखं अस्तर) बसवून घेतला तर उत्तमच, पुढची झीज स्वस्त भागावर येते.

नवी पिन ईएन-८ (मध्यम कार्बनच्या) पोलादाची, लेथवर डोक्यासकट एका तुकड्यातून करून घ्या. बांधकामाची सळई नको, आणि आटे भोकात येतील असा बोल्टही नको. आट्याच्या खाचेतूनच तडा सुरू होतो. पिनच्या खालच्या टोकाला क्लिप असलीच पाहिजे. तार गुंडाळून भागत नाही, गतिरोधकावर पिन वर उसळते.

ग्रीस रोज लावा, पण आधी जुनं पुसून. माती मिसळलेलं ग्रीस घासकामच करतं. दांड्याखालून एकमेकींना छेद देणाऱ्या दोन सुरक्षा साखळ्या लावा. वळणावर ताणल्या जाणार नाहीत आणि जमिनीला टेकणार नाहीत एवढीच ढील ठेवा. दोनचाकीत ऊस भरताना थोडं वजन चाकांच्या आसाच्या (ॲक्सलच्या) पुढे राहू द्या. मागे जास्त झालं तर दांडा वर उचलतो, पुढे फार झालं तर ट्रॅक्टरची पुढची चाकं हलकी होऊन स्टिअरिंग ऐकत नाही.

नवी पिन आठवड्याने पुन्हा मोजा. मिलिमीटरभर झिजली असेल तर पोलाद मऊ लागलंय किंवा भोकाच्या धारदार कडा तिला खात आहेत. त्या कडा ग्राइंडरने जराशा गोलवा आणि पुन्हा आठवड्याने मोजा.