पडत्या पट्टीने प्रतिक्रियेचा वेळ मोजा

३० सेंटीमीटरची पट्टी आणि एक जोडीदार, एवढं पुरतं. ज्याची चाचणी घ्यायची त्याने हात टेबलावर टेकवून मनगट कडेबाहेर काढायचं, अंगठा आणि तर्जनीत २ सेंटीमीटर अंतर ठेवायचं. पट्टी वरून धरून त्या बोटांमध्ये उभी लटकवा आणि तिचा शून्य अंगठ्याच्या वरच्या कडेशी जुळवा. मग काही न सांगता सोडा; दर वेळी १ ते ५ सेकंद वेगवेगळं थांबा. इथेच बहुतेकांचं चुकतं. ठरावीक तालात सोडली की समोरचा अंदाजाने पकडतो आणि आकडा खोटाच चांगला येतो. १० सेंटीमीटरच्या आत पकडली, तर तो अंदाजच समजा आणि वगळा.

वाचन अंगठ्याच्या वरच्या कडेशीच घ्या. सेंटीमीटरमधल्या अंतराची दुप्पट करून ९८१ने (गुरुत्वाचं त्वरण, सेंटीमीटरमध्ये) भागा, वर्गमूळ काढा: १५ सेंटीमीटरला सुमारे ०.१७५ सेकंद, २० ला ०.२०२.

पहिले तीन प्रयत्न सरावाचे, पुढचे दहा मोजायचे. पट्टी हातून निसटली तर ‘३० च्या पुढे’ अशी नोंद ठेवा. ती गाळली की सुस्त प्रतिक्रियाच हिशेबातून जातात. पण अशा नोंदीला नेमका आकडा नसतो, म्हणून सरासरीपेक्षा मध्यक (आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी किंमत) बरा. झोप झालेली असताना आणि नसताना तुलना करायची असेल, तर वेळ, हात आणि पट्टी तीच ठेवा.