किल्ली जुन्या डिस्ककडेच राहिली

परभणीत माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं छोटं दुकान आहे. पीक विम्याच्या दिवसांत दारात रांग, अन् कॉम्प्युटर चालू व्हायलाच चार-पाच मिनिटं खायचा. म्हणून २४० जीबीची साटा एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कसारखीच वायरने जोडायची पण कितीतरी वेगवान डिस्क, बसवली, जुनी १ टीबी हार्ड डिस्क तशीच ठेवली. विंडोज एसएसडीवर टाकलं, मशीन पळायला लागलं.

आठवड्याने धूळ झाडताना हार्ड डिस्कची वायर काढली, तर विंडोज चालूच होईना! दोन्ही डिस्क जोडलेल्या असताना इन्स्टॉल केलं होतं, त्यामुळे बूटच्या, म्हणजे विंडोज सुरू करून देणाऱ्या, फायली जुन्या डिस्कवरच्या बूट पार्टिशनमध्येच (डिस्कच्या त्यासाठीच्या कप्प्यात) जाऊन बसल्या होत्या. घर नवं, किल्ली जुन्या वाड्यात.

मग हार्ड डिस्क बाजूलाच ठेवली, एसएसडीवरची सगळी पार्टिशन उडवली आणि विंडोज पुन्हा टाकलं. नंतर हार्ड डिस्क जोडून बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, बूटच्या क्रमात एसएसडी पहिली केली. डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स हे फोल्डर प्रॉपर्टीजमधल्या लोकेशन टॅबवरून हार्ड डिस्कवर हलवले. सातबाऱ्याच्या स्कॅनला एसएसडीचा वेग कशाला हवा?

आता मी चहाचा कप ठेवेपर्यंत विंडोज उघडलेलं असतं. पोर्टल लटकतं, ते वेगळंच.