विशेष ग्रंथालयाचं मोल मांडायला विद्यार्थ्यांना कसं शिकवावं

बी.लिब. आणि एम.लिब. या ग्रंथालयशास्त्राच्या पदव्यांच्या वर्गात विशेष ग्रंथालयांचा, म्हणजे एकाच संस्थेच्या किंवा विषयाच्या कामासाठी चालणाऱ्या ग्रंथालयांचा, धडा बहुतेक वेळा व्याख्या, प्रकार आणि सेवा यांवर संपतो. परीक्षेला तेवढं पुरतं. पण यातलेच काही विद्यार्थी पुढे एखाद्या कंपनीच्या संशोधन विभागात, रुग्णालयात किंवा वकिलांच्या फर्ममध्ये एकटेच ग्रंथपाल असतात. अंदाजपत्रकाच्या दिवसांत वित्त विभाग त्यांना विचारतो, “सगळं नेटवर मिळतं, मग एवढी वर्गणी कशाला?” नीट उत्तर देता आलं नाही तर आधी नियतकालिकं बंद होतात, मग पदच जातं. हे उत्तर वर्गात शिकवता येतं. शोध आणि संदर्भसेवा, म्हणजे वाचकाच्या प्रश्नाला नेमकी माहिती शोधून देणं, विद्यार्थ्यांना येते असं धरून पुढचं लिहिलं आहे.

दोघादोघांची जोडी करा आणि प्रत्येक जोडीला एक खरं, चालू ग्रंथालय द्या. त्या ग्रंथालयाचं मोल मांडणारा अहवाल जोडीनं लिहायचा. पुण्यात असाल तर राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, गोखले संस्थेचं धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय अशी किती वेगवेगळी ग्रंथालयं एकाच शहरात आहेत! परवानगीचं पत्र विभागप्रमुखांच्या सहीनं आधीच पाठवा.

एकूण पुस्तकं, रोजची देवघेव, वाचकांची हजेरी हे आकडे अहवालातून सरळ बाद करा. त्यावरून ग्रंथालय किती गजबजलेलं आहे ते कळतं, त्याचा उपयोग काय झाला ते कळत नाही.

आता खरी अवघड पायरी: वाचकाची मुलाखत. मलाही हीच जमायला सर्वांत जास्त वेळ लागला. विद्यार्थी पाच पर्यायांची प्रश्नावली घेऊन निघतात, ‘आपण सेवेबद्दल समाधानी आहात का?’ ती त्यांच्या हातून काढून घ्या. ग्रंथपाल समोर बसलेला असताना कुणीही ‘समाधानी’वरच खूण करतो, आणि त्या उत्तराची वित्त विभागात काडीची किंमत नसते.

त्याऐवजी एकच घटना धरायला शिकवा. जॉन फ्लॅनगन या मानसशास्त्रज्ञानं १९५४ मध्ये मांडलेली ही पद्धत आहे. मत विचारायचं नाही, घडलेलं विचारायचं. “ग्रंथालयातून शेवटची माहिती कधी घेतलीत? कशासाठी हवी होती? मिळाल्यावर काय केलंत? त्यामुळे काय बदललं, काय टळलं?” न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर भागातल्या रुग्णालयांत जोअ‍ॅन मार्शल यांनी डॉक्टरांना याच धर्तीवर विचारलं. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ८० टक्के डॉक्टरांनी ग्रंथालयाच्या माहितीमुळे उपचारात काहीतरी वेगळं केल्याचं सांगितलं, आणि ४९ टक्क्यांनी जादा तपासण्या किंवा प्रक्रिया टळल्याचं. ‘सेवा उत्तम’ या शेऱ्यापेक्षा हे किती वजनदार आहे ते वर्गात फळ्यावर शेजारीशेजारी लिहून दाखवा.

सगळ्यात मोलाचा प्रश्न पुढचा आहे: “ग्रंथालय नसतं तर काय केलं असतंत?” इथं घाई करू देऊ नका. वाचक म्हणतो, “दोन दिवस गेले असते.” विद्यार्थी लगेच सोळा तास लिहून मोकळा होतो. त्याला थांबवा आणि पुन्हा विचारायला लावा: “खरंच दोन दिवस शोधलं असतंत?” बरेचजण मग खरं सांगतात, “नाही, होतं त्यावरच भागवलं असतं.” म्हणजे इथं वेळ वाचलेलाच नाही. इथं एक निर्णय अपुऱ्या माहितीवर होणार होता, तो टळला. या मोलाला तासांत कोंबू नका, घटना जशीच्या तशी लिहा.

ओळखीचे, हसतमुख वाचक निवडायला सक्त मनाई. देवघेवीच्या किंवा संदर्भसेवेच्या नोंदींतून दर दहावं नाव घ्या. माहिती निरुपयोगी ठरली ती घटनाही नोंदवा. अशी एकही नोंद नसलेल्या अहवालावर मी स्वतः विश्वास ठेवत नाही. रुग्ण, अशील, पेटंट यांची ओळख पटेल असं काही लिहायचं नाही.

हिशेब त्यामानानं सोपा आहे. नमुन्यासाठी: अभियंत्याचे सहा तास वाचले, त्याचा तास संस्थेला ९०० रुपयांना पडतो, म्हणजे ५,४०० रुपये. ग्रंथपालाचे दीड तास ४०० रुपये दरानं ६०० रुपये. उरले ४,८००, त्यातून डेटाबेसच्या वर्गणीचा वाटा वजा. वाचकानं “चार ते सहा तास” म्हटलं तर चारच धरा. एक फुगवलेला आकडा सापडला की समोरचा लेखापाल बाकीचे नऊ खरे आकडेही फेकून देतो.

पण आकडा काढला म्हणजे काम झालं असं समजू देऊ नका. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं, म्हणजे ईपीएनं, २००४ मध्ये स्वतःच्या ग्रंथालयांचा असाच हिशेब केला होता. खर्चाच्या दुपटीपासून ५.७ पटीपर्यंत फायदा होतो असं त्यात निघालं. तरी २००६ मध्ये शिकागो, डॅलस आणि कॅन्सस सिटी इथली प्रादेशिक ग्रंथालयं बंद झाली. शास्त्रज्ञ, ग्रंथपाल आणि कर्मचारी संघटना जाहीरपणे बोलल्या, अमेरिकी काँग्रेसनं आदेश दिला, तेव्हा २००८ मध्ये ती पुन्हा उघडली. म्हणून मुलाखत संपताना विद्यार्थ्यानं विचारायलाच हवं: “हे तुम्ही तुमच्या साहेबांना सांगाल का?” ‘हो’ म्हणणाऱ्या वाचकांची यादी अहवालाइतकीच जपा.

अहवाल एक पान. वर एक घटना, खाली हिशेब, शेवटी नेमकी मागणी. भाषा ज्याची सही लागते त्याची: रुग्णालयात रुग्णसुरक्षा, फर्ममध्ये वकिलांचे तास, वृत्तपत्रात टळलेली चूक.

सादरीकरणाला परीक्षक म्हणून ग्रंथालयशास्त्राचा प्राध्यापक बोलवू नका. कॉलेजचे लेखापाल किंवा वाणिज्य विभागातलं कुणी बोलवा, सात मिनिटं द्या आणि त्यांना मनसोक्त उलटतपासणी करू द्या. गुण या उत्तरांना द्या, स्लाइडच्या सजावटीला नाही. अहवालाची प्रत त्या ग्रंथालयाच्या ग्रंथपालांना द्या, आणि ती अंदाजपत्रकाच्या बैठकीआधी त्यांच्या हातात पडेल अशी तारीख सत्राच्या सुरुवातीलाच ठरवा.