जादा वेतनाच्या वसुलीचे पत्र आले, तर या चुका टाळा

शासकीय कर्मचाऱ्याच्या निवृत्तीला काही महिने उरलेले असताना त्याचे सेवापुस्तक वेतन पडताळणी पथकाकडे जाते आणि तेथून आक्षेप येतो, की पंधरा-वीस वर्षांपूर्वीची वेतननिश्चिती चुकली होती. आश्वासित प्रगती योजनेचा (ठरावीक वर्षे पदोन्नती न मिळाल्यास वरची वेतनश्रेणी देणारी योजना) लाभ मुदतीआधी दिला गेला, संगणक परीक्षा वेळेत उत्तीर्ण नसतानाही वेतनवाढी चालू राहिल्या, किंवा आदिवासी क्षेत्रात काम करताना मिळणारी एकस्तर, म्हणजे एक पायरी वरची, वेतनश्रेणी तेथून बदली झाल्यावरही बंद केली गेली नाही, अशी कारणे त्यात असतात. मग तेव्हापासूनचा सगळा फरक 'अतिप्रदान', म्हणजे जादा दिलेली रक्कम, ठरवून तो उपदानातून (ग्रॅच्युइटीतून) वळता करण्याचे पत्र हाती पडते. हिशेब कार्यालयाने केलेला, तपासणारे पथकही शासनाचेच, आणि ज्याने त्या पगारावर मुलांची शिक्षणे केली त्याच्याकडून ती रक्कम एकदम परत मागितली जाते. या वेळी घाईने केलेल्या काही गोष्टी पुढे निस्तरता येत नाहीत.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे संमतीपत्र लिहून देणे. "लिहून द्या, नाहीतर पेन्शनची केस महालेखापालांकडे जाणार नाही," असे आस्थापना शाखेतून सांगितले जाते. सांगणाऱ्याचा हेतू अनेकदा वाईटही नसतो, त्याला फाइल पुढे सरकवायची असते. पण 'वसुलीस माझी हरकत नाही' ही एक ओळ पुढे न्यायाधिकरणात शासनाच्या बाजूने वाचली जाते. काहीजण तर ना-देय प्रमाणपत्र (काही येणे बाकी नसल्याचा दाखला) लवकर मिळावे म्हणून स्वतःच चलनाने रक्कम भरून टाकतात. भरल्याशिवाय गत्यंतरच नसेल, तर 'ही रक्कम हरकत नोंदवून आणि माझे हक्क राखून भरत आहे' असे लेखी द्यावे आणि त्या पत्राच्या प्रतीवर आवक क्रमांक व तारखेसह पोच घ्यावी.

दुसरी चूक विचारातली आहे आणि ती शिकलेले लोकही करतात. वेतन चुकीचे ठरले होते का, हा एक प्रश्न आहे. चुकीचे ठरले असले तरी दिलेली रक्कम परत घेता येते का, हा दुसरा. बहुतेकांचा सगळा अर्ज पहिल्याच प्रश्नावर खर्च होतो, आणि मूळ वेतननिश्चिती खरोखर चुकलेली असेल तर तो अर्ज तिथेच संपतो. चूक दुरुस्त करून पुढचे वेतन किंवा निवृत्तिवेतन सुधारण्याचा अधिकार शासनाला आहे. मागची रक्कम परत घेण्यावर मात्र मर्यादा आहेत. म्हणून उत्तरात दोन्ही मुद्दे वेगळे मांडावेत आणि दुसऱ्या मुद्द्यावर अधिक भर द्यावा.

त्या मर्यादा सर्वोच्च न्यायालयाने पंजाब राज्य विरुद्ध रफीक मसीह या खटल्यात १८ डिसेंबर २०१४ रोजी सांगितल्या. गट क आणि गट ड मधील कर्मचाऱ्यांकडून, तसेच निवृत्त झालेल्या किंवा वसुलीच्या आदेशापासून एका वर्षात निवृत्त होणाऱ्या कर्मचाऱ्यांकडून वसुली करता येत नाही. आदेश निघण्यापूर्वी पाच वर्षांहून अधिक काळ जादा रक्कम दिली जात असेल, किंवा वरच्या पदाचे काम चुकीने करून घेऊन त्या पदाचे वेतन दिले असेल, तरीही ती करता येत नाही. शासनाच्या हक्काच्या तुलनेत जेथे वसुली फारच अन्यायकारक ठरेल, अशी अन्य प्रकरणेही न्यायालयाने खुली ठेवली. थॉमस डॅनियल विरुद्ध केरळ राज्य या खटल्यात तर १९९९ साली निवृत्त झालेल्या शिक्षकाकडून होणारी वसुली त्याच न्यायालयाने २ मे २०२२ रोजी रद्द केली, कारण त्यांनी खोटी माहिती दिली नव्हती आणि चूक नियम लावणाऱ्याची होती.

येथेच तिसरी चूक होते. निकालाची प्रत जोडली म्हणजे काम झाले, असे समजले जाते. २९ जुलै २०१६ च्या जगदेव सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निवृत्त अधिकाऱ्याकडूनही वसुली मान्य केली, कारण सुधारित वेतनश्रेणी स्वीकारताना जादा रक्कम परत करण्याचे हमीपत्र त्यांनी दिले होते. असे हमीपत्र वेतन आयोगाची नवी श्रेणी स्वीकारण्याच्या विकल्पाबरोबर अनेकांकडून घेतले गेले आहे आणि बहुतेकांना त्याची आठवणही नसते. त्यामुळे उत्तर लिहिण्यापूर्वी सेवापुस्तकात ते आहे का, कोणत्या वर्षाचे आहे आणि कोणत्या वेतननिश्चितीसाठी आहे, हे पाहावे. २००९ च्या विकल्पासोबतचे हमीपत्र २००१ च्या पदोन्नतीतील चुकीला आपोआप लागू होते असे गृहीत धरू नये. हा मुद्दा स्पष्टपणे मांडावा. जगदेव सिंग प्रकरणातील व्यक्ती न्यायिक अधिकारी होती, गट क ची कर्मचारी नव्हती, हेही नोंदवावे. मात्र माहिती दडवून किंवा खोटे प्रमाणपत्र देऊन लाभ घेतला असेल, तर रफीक मसीह आणि थॉमस डॅनियल या निकालांचा आधार मिळत नाही.

कागद न मागता उत्तर देणे ही तितकीच मोठी चूक आहे. पडताळणी पथकाचा मूळ आक्षेप, चुकलेल्या आणि सुधारित वेतननिश्चितीचे तक्ते, महिनावार फरकाचे विवरणपत्र आणि हमीपत्राची प्रत लेखी मागावी. मिळाले नाही, तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या शुल्कासह अर्ज करावा. उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे. विवरणपत्र हाती आले की महिने स्वतः मोजावेत. विनावेतन रजेचे किंवा प्रतिनियुक्तीचे महिने त्यात धरले गेल्याचे अशा तपासणीत उघड होऊ शकते.

मुदतीबाबत गाफील राहू नये. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्याला महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे आदेशापासून एका वर्षात जाता येते. अभिवेदन (वरिष्ठांकडे लेखी अर्ज) दिले आणि सहा महिन्यांत निर्णय आला नाही, तर त्यानंतर एक वर्ष मिळते. दर दोन महिन्यांनी स्मरणपत्र पाठवल्याने ही मुदत वाढत नाही. जिल्हा परिषदेचे कर्मचारी आणि अनुदानित खासगी शाळांतील शिक्षक या न्यायाधिकरणाच्या कक्षेत येत नाहीत. त्यांना उच्च न्यायालयात रिट याचिका करावी लागते.

वसुली निवृत्तिवेतनातून होणार असेल, तर महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ मधील नियम १३४-अ वाचावा. म्हणणे मांडण्याची वाजवी संधी देणे त्यात बंधनकारक आहे, आणि निवृत्तिवेतन शासनाने ठरवलेल्या किमान रकमेखाली जाणार नाही अशा हप्त्यांत वसुली करण्याची तरतूद आहे. नोटीस न देता कपात सुरू झाली असेल, तर पहिल्याच महिन्यात हा नियम नमूद करून कोषागार अधिकारी आणि कार्यालयप्रमुख या दोघांना पत्र द्यावे. उपदानातून रक्कम आधीच वळती झाली असेल, तरी ती परत मागता येते. त्या अर्जात परताव्याबरोबर विलंबाच्या व्याजाची मागणीही सुरुवातीपासूनच लिहावी.