डायलिसिसवरच्या माणसाच्या हाती त्याचा कारभार परत कसा द्यावा

"किती वाढवून आणलंत?" डायलिसिस युनिटमध्ये, म्हणजे किडनी निकामी झालेल्यांचं रक्त मशीनने साफ करतात तिथे, दिवसातून कितीतरी वेळा आम्ही सिस्टर हा प्रश्न विचारतो. दोन डायलिसिसच्या मधल्या दिवसांत अंगात किती पाणी साठलं, हे वजनावरून कळतं. काट्यावर पेशंट उभा असतो आणि उत्तर शेजारून मुलगा देतो, "तीन किलो." पेशंट खाली बघत उभा राहतो, शाळेत छडी खाणाऱ्या पोरासारखा.

आठवड्यातून दोनदा-तीनदा, दर वेळी चार तास. कधी यायचं ते युनिट ठरवतं, काय खायचं ते डायटिशियन, किती प्यायचं ते डॉक्टर, आणि घरी काय करायचं ते सूनबाई नाहीतर मुलगा. काल-परवापर्यंत घर चालवणारा माणूस सहा महिन्यांत "मला काय विचारता, त्यांना विचारा" म्हणायला लागतो. नर्सिंगमध्ये याला असहायता म्हणतात. ताप किंवा दुखणं जसं नोंदवायचं, तशीच हीदेखील पेशंटच्या काळजीच्या आराखड्यात नोंदवायची, असं आम्हाला शिकवतात. गर्दीच्या शिफ्टमध्ये ते राहून जातं. म्हणून हे घरच्यांसाठी लिहिते आहे. घरी करता येण्यासारखं बरंच आहे.

आधी दोन दिवस नुसतं बघा

काहीही बदलू नका. प्रश्न कोणाला विचारला आणि उत्तर कोणी दिलं, एवढंच लक्षात ठेवा. गोळ्या कोण काढून देतं? फाइल कुठे असते, आणि ती त्यांच्या हाताला लागते का? "त्यांना नका सांगू, टेन्शन घेतील" हे वाक्य किती वेळा आलं? प्रेमापोटीच काय काय काढून घेतलं गेलंय, ते दोन दिवसांत दिसतं. मग त्यातली एकच गोष्ट निवडा. सगळं एकदम परत दिलंत तर तेही ओझंच होईल.

उत्तर त्यांना देऊ द्या

डॉक्टरांसमोर पेशंटची खुर्ची पुढे, तुमची मागे. "झोप कशी आहे?" विचारलं की मनात दहापर्यंत मोजा. आजारी माणसाला शब्द गोळा करायला वेळ लागतो आणि तेवढ्यात आपण बोलून मोकळे होतो. काही राहिलंच तर शेवटी विचारा, "बाबा, पायात गोळे येतात ते मी सांगू का?" त्यांनी मान हलवली की मग सांगा.

फिस्टुलाचा हात त्यांच्या ताब्यात द्या

माझ्या मते सुरुवात करायला याहून चांगली जागा नाही. हाताची शीर धमनीला जोडून फिस्टुला करतात. रक्त तिथूनच मशीनमध्ये जातं आणि तिथूनच परत येतं. त्यावर बोटं ठेवली की मांजराच्या गुरगुरीसारखी थरथर लागते. ही थरथर रोज सकाळी त्यांनी स्वतः तपासायची, तुम्ही नाही. लागली नाही तर डायलिसिसच्या पुढच्या पाळीची वाट न बघता लगेच युनिटला फोन, तोही शक्यतो त्यांनीच करायचा.

दुसरं, एक वाक्य त्यांच्याकडून मोठ्याने म्हणवून घ्या: "या हाताला बीपीचा पट्टा नको, सुई नको." त्या हातावर जड पिशवी, घट्ट बांगडी किंवा घड्याळही नको, आणि त्या कुशीवर झोपणंही नको. रक्त तपासायला आलेला नवखा मुलगा तोच हात धरतो, तेव्हा पेशंटने स्वतःच्या तोंडाने "हा नाही, दुसरा" म्हणणं, हा बऱ्याच जणांचा आजारपणातला पहिला नकार असतो. आणि तो शंभर टक्के बरोबर असतो. असा नकार मी ऐकते, तेव्हा मला मनापासून बरं वाटतं.

पाण्याचा हिशेब त्यांनीच ठेवावा

आमच्याकडे एक एसटीचे निवृत्त कंडक्टर यायचे. सगळे त्यांना मास्तरच म्हणायचे. दर पाळीला चार किलो वाढ. चार तासांत एवढं पाणी काढायचं म्हणजे बीपी पडणार, पायात गोळे येणार आणि घरी जाऊन माणूस दिवसभर आडवा. घरच्यांनी माठाला कुलूप लावायचंच बाकी ठेवलं होतं. रागावून काही उपयोग झाला नाही, माझ्याही.

एक दिवस मी त्यांना शंभर पानी वही दिली आणि म्हटलं, "मास्तर, वेबिल भरा." वेबिल म्हणजे कंडक्टरचा तिकिटांच्या हिशेबाचा कागद; इथे हिशेब पाण्याचा. घरचं फुलपात्र मोजलं तर दीडशे मिलीचं निघालं. डॉक्टरांनी दिवसाला आठशे मिली सांगितलं होतं. साधारणपणे दिवसभराची लघवी अधिक अर्धा लिटर असा हा हिशेब असतो, पण तुमचा आकडा तुमच्या डॉक्टरांकडूनच घ्या. चहा, आमटी, ताक, गोळ्यांबरोबरचं पाणी, सगळं त्यात धरायचं. आठशे मिली कसे खर्च करायचे, हे मात्र सर्वस्वी मास्तरांचं. सकाळी पूर्ण कप चहा हवा तर दुपारी आमटी नाही. घरच्यांनी मध्ये बोलायचं नाही, अशी मी त्यांच्या मुलाला अट घातली होती.

तिसऱ्या आठवड्यात त्यांनी वही उघडून दाखवली. "सिस्टर, लोणचं खाल्लं त्या प्रत्येक दिवशी माझा हिशेब फुटलाय." मीठ कमी केलं की तहान कमी लागते, हे आम्ही त्यांना किती वेळा सांगितलं असेल! त्यांना ते पटलं, कारण त्यांच्या आकड्यांत ते त्यांना सापडलं. पुढे वाढ अडीच किलोवर आली.

एक सावधगिरी इथेच सांगते. मीठ कमी करायचं म्हणून बाजारातलं कमी सोडियमवालं मीठ आणू नका. त्यात बहुधा पोटॅशियम असतं आणि किडनीच्या पेशंटला ते हृदयापर्यंत भोवू शकतं. नारळपाण्याचंही तेच. मोकळीक द्यायची ती डॉक्टरांनी आखलेल्या मर्यादेच्या आत. आणि खोटा पर्याय कधी देऊ नका. "डायलिसिसला जायचं ना?" असं विचारून "नाही" म्हटल्यावर ओढत नेणं, यापेक्षा न विचारलेलं बरं. "खिडकीजवळचा बेड मागू का?", "डबा तिथे खाणार की घरी येऊन?" हे खरे प्रश्न आहेत.

रिपोर्ट वाचायला शिकवा

एका वेळी एकच आकडा. आधी पोटॅशियम, महिन्याने हिमोग्लोबिन. समजावून झाल्यावर "कळलं का?" विचारू नका, सगळे हो म्हणतात. "मी नीट सांगितलं का ते बघायचंय, आता तुम्ही मला सांगा," असं म्हणा. फाइल त्यांच्या उशाशी ठेवा. कागद मागायला संकोच नको. मागणी केल्यावर ७२ तासांत नोंदी द्याव्यात, असं डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारसंहितेतच आहे.

पैशाचं लपवू नका

"माझ्यामुळे घर बुडालं," हे वाक्य मी रात्रपाळीत पुष्कळदा ऐकलंय. खर्च लपवला की माणूस खऱ्यापेक्षा मोठा आकडा मनात धरतो. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस येतं. योजनेतल्या रुग्णालयात मदतीसाठी आरोग्यमित्र असतो. त्याच्याकडे कागद घेऊन जायचं काम, चालता येत असेल तर, पेशंटलाच द्या.

कारभार हाती देण्याची ही गोष्ट किती दूर जाऊ शकते? स्वीडनमध्ये यॉन्शोपिंगच्या रुग्णालयात २००५ मध्ये एका पेशंटने नर्सला विचारलं, माझं डायलिसिस मी स्वतः करू का? तिने शिकवलं. पुढे तिथे अनेक जण स्वतःच मशीन लावायला लागले. आपल्याकडे सुया टोचायचं काम सिस्टरचंच राहील, पण "आज थोडं वर टोचा, मागच्या वेळची जागा दुखतेय" एवढं सांगणं इथेही जमतं.

वाईट दिवस येतील

त्या दिवशी "आज तूच बघ" म्हणाले तर बघा. जबाबदारी खाली ठेवणं, हाही त्यांचाच निर्णय आहे. पण जेवण तुटलं, झोप उडाली, "नको आता हे" पुन्हा पुन्हा यायला लागलं, तर दटावू नका आणि "असं बोलायचं नाही" म्हणून तोंडही बंद करू नका. शेजारी बसा, ऐकून घ्या आणि डॉक्टरांना सांगा. टेलीमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी मोफत नंबर आहे, त्यावर मराठीत बोलता येतं.

मास्तरांनीही एकदा वही माझ्या हातात दिली होती. "आज तुम्ही लिहा, सिस्टर. माझ्याने होत नाही." मी लिहिलं. पुढच्या पाळीला त्यांनी वही मागून घेतली, चष्मा लावून माझी नोंद तपासली आणि तिच्याखाली सही केली.